रायफलच्या स्टॉकचं कोटिंग चिकट झालंय: वॉरंटीत बसवून घेताना काय सांभाळावं?

शांतश्वास (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझी पॉइंट टू टू (.22) कॅलिबरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे (दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे करायचा), सिंथेटिक स्टॉकची, म्हणजे धरायचा आणि खांद्याला टेकवायचा दस्ता प्लॅस्टिकचा. घेऊन अजून तीन वर्षं पूर्ण व्हायची आहेत आणि कंपनीची वॉरंटी पाच वर्षांची आहे. स्टॉकवर ते रबरासारखं काळं, मऊ सॉफ्ट टच कोटिंग आहे. नवी असताना हातात इतकी छान बसायची की त्या पकडीसाठीच मी ही रायफल निवडली होती.

दोनेक महिन्यांपासून ग्रिपपाशी आणि गाल टेकतो तिथे चिकट लागायला लागलं. आधी वाटलं घाम असेल, म्हणून ओल्या फडक्याने पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता फोरएंडवर, म्हणजे स्टॉकच्या पुढच्या भागावर, बोट दाबून उचललं की ठसा उमटून राहतो. मॅगझिनच्या मागे नखाएवढा पापुद्रा सुटलाय आणि खालचं करडं प्लॅस्टिक उघडं पडलंय. परवाच्या सरावात गालाची त्वचा स्टॉकला धरली जात होती, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर डोकं उचलून नव्याने बसवावं लागलं. ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) पसरणारच.

कंपनीला मेल केला तर दोन ओळींचं उत्तर आलं: ही नेहमीची झीज दिसते, बाह्य स्वरूपाच्या तक्रारी वॉरंटीत येत नाहीत, तरी फोटो पाठवा. मला हे पटत नाही. तीन वर्षांत लाकूड झिजत नाही, हे तर प्लॅस्टिक आहे. कोणी असा क्लेम लढवलाय का? फोटो पाठवण्याआधी काय करू, काय करू नको?

दहावे_वर्तुळ

सर्वात आधी: तिला आता कशानेही पुसू नका. ना स्पिरिट, ना थिनर, ना बोअर सॉल्व्हंट (नळी साफ करायचं द्रावण), ना टाल्कम पावडर. पावडर लावली की दोन दिवस बरं वाटतं, पण सर्व्हिस सेंटरच्या माणसाला पृष्ठभागावर तुमचीच पावडर दिसते आणि "ग्राहकाने रसायन वापरलं" असा शेरा मारायला त्याला कारण मिळतं. आत्ता जशी आहे तशीच ती तुमचा पुरावा आहे.

रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, बोल्ट बाहेर घ्या, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मगच फोटोंना बसा. सरळ फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत काळा स्टॉक नुसता काळा दिसतो. खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने, जवळजवळ स्टॉकला समांतर धरा. ठसे, फुगे, सुटलेल्या कडा सगळं उठून दिसतं. पापुद्र्याशेजारी मोजपट्टी ठेवा. पूर्ण स्टॉकचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मग जवळचे. सीरियल नंबरचा फोटो वेगळा काढा आणि तो फक्त कंपनीला पाठवा, इथे चुकूनही टाकू नका.

नवा_नेम

माझ्या जुन्या दुर्बिणीचं अगदी हेच झालं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, सगळं निघून गेलं, अर्ध्या तासाचं काम. वॉरंटीच्या भानगडीत कशाला पडताय?

रसायनशाळा

@नवा_नेम, दुर्बिणीची वॉरंटी संपलेली असेल. इथे दोन वर्षं शिल्लक आहेत. अल्कोहोल लावलं की कोटिंगच निघतं, म्हणजे ज्या गोष्टीबद्दल तक्रार आहे तीच नाहीशी होते. मग दाखवणार काय?

आता मूळ मुद्दा, कारण हे समजलं की कंपनीला काय लिहायचं ते आपोआप सुचतं. मी रंग आणि लेपांच्या क्षेत्रात काम करतो.

सॉफ्ट टच कोटिंग बहुतेकदा पॉलियुरेथेनचं असतं. पॉलियुरेथेनच्या लांब साखळ्यांत काही कड्या पॉलिओलच्या असतात. पॉलिओल पॉलिएस्टर जातीचा असेल, तर त्यातले एस्टर बंध पाण्याच्या रेणूंनी हळूहळू तुटतात. याला जलविघटन म्हणतात, इंग्रजीत हायड्रॉलिसिस. यासाठी रायफल पाण्यात बुडवावी लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. बंध तुटला की आम्लगट तयार होतो, आणि ते आम्ल पुढचे बंध तुटण्याचा वेग वाढवतं. म्हणून हा दोष वर्ष-दोन वर्षं काहीच दाखवत नाही आणि मग दोन महिन्यांत झपाट्याने चिकटतो. तुमच्या वर्णनात नेमकं तेच आहे. साखळ्या तुटून आखूड झाल्या की रबराचा गोंद होतो. पुसून, धुऊन तो परत रबर होत नाही.

झीज वेगळी. झीज जिथे हात घासतो तिथे होते, पृष्ठभाग गुळगुळीत, चकचकीत होतो, थर पातळ होतो. जलविघटन हात न लागणाऱ्या जागीही होतं. न वापरता डब्यात पडून राहिलेल्या वस्तूही अशाच चिकट होतात.

म्हणून एक काम करा. स्टॉकवर जिथे हात, गाल, स्लिंग (पट्टा), बायपॉड (दोन पायांचा आधार) कधीच लागत नाही अशी जागा शोधा. साधा पांढरा टिश्यू पेपर दहा सेकंद हलका दाबा आणि सरळ वर उचला. त्याचे तंतू चिकटून राहिले तर त्याचा फोटो घ्या. तुमच्या क्लेममधला सगळ्यात वजनदार फोटो तोच असेल.

पापुद्रा सुटणं हा मात्र वेगळा दोष असू शकतो, त्याची गल्लत करू नका. स्टॉक सहसा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठभाग-ऊर्जा इतकी कमी असते की त्यावर रंग सहज धरत नाही. आधी ज्वाळेची किंवा प्लाझ्माची प्रक्रिया करावी लागते, नाहीतर खास प्रायमर लागतो. साच्यातून स्टॉक सुटावा म्हणून मारलेलं रिलीज एजंट नीट धुतलं गेलं नाही तरीही लेप सुटतो. या दोन्ही गोष्टी कारखान्यातच घडतात, त्यात तुमचा हात कुठेच नाही.

लाकूडवेडा

लाकडी स्टॉकवर असं झालं तर हाच निकष लावू नका एवढंच सांगायला आलो. लाकूड ओलावा घेतं-सोडतं, फुगतं-आकसतं, आणि वरचं कडक व्हार्निश त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून चिरा पडतात. बहुतेकदा सुरुवात होते बटप्लेटखालच्या (खांद्याकडच्या पट्टीखालच्या) उघड्या टोकापासून, कारण तिथे लाकडाचे रेषे तोंड उघडून असतात आणि कारखान्यात नेमकं तेच टोक सील करायचं राहून जातं. बटप्लेट काढून तो भाग कोरडा, कोरा दिसला तर फोटो काढून ठेवा. तेल पाजलेल्या स्टॉकला हा त्रास नाही, तिथे देखभाल आपलीच.

शांतश्वास

@रसायनशाळा, इतकं समजावून सांगितलंत, मनापासून आभार. मी इतके दिवस स्वतःलाच दोष देत होते, माझ्याच हातांना जास्त घाम येतो म्हणून.

टिश्यूची चाचणी केली. मॅगझिनच्या पुढे, खालच्या बाजूला, स्लिंगच्या स्विव्हलजवळ (कडीजवळ) एक खोबण आहे, तिथे माझं बोटसुद्धा पोहोचत नाही. टिश्यूचे तंतू तिथेही चिकटले! फोटो घेतलाय. उजवीकडे जास्त चिकट आहे, डावीकडे थोडं कमी.

एक शंका. रायफल मी फोमच्या बंद हार्ड केसमध्ये ठेवते. त्याने हे झालं असं कंपनी म्हणू शकेल का? उजवी बाजू केसमध्ये खाली असते.

रसायनशाळा

बंद केसमध्ये ओलावा कोंडून राहतो, त्यामुळे विघटनाचा वेग वाढला असणार हे खरं. पण वेग वाढणं आणि दोष निर्माण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रायफल केसमध्ये ठेवणं हा गैरवापर कसा ठरेल? मॅन्युअलमध्ये "फोम केसमध्ये ठेवू नये" असं लिहिलंय का ते बघा. लिहिलं नसेल तर तो मुद्दा त्यांच्या हातात राहत नाही. लिहिलं असेल तर तेही प्रामाणिकपणे सांगा.

इथून पुढे मात्र केसचा उपयोग फक्त नेण्या-आणण्यापुरता ठेवा. घरी कपाटात उभी, आजूबाजूला हवा खेळेल अशी. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि त्या वेळोवेळी तापवून कोरड्या करा.

पाऊलवाट

मी क्लेम हरलेला माणूस आहे, माझंही ऐका. माझ्या रायफलचं कोटिंग ग्रिपवर सुरकुतून निघालं. सर्व्हिस सेंटरने विचारलं, किडे पळवणारं मलम वापरता का? वापरत होतो, डास घालवायचं, डीट असलेलं. हाताला लावून तसाच तासन्‌तास रायफल धरून बसायचो. डीट कितीतरी प्लॅस्टिकं आणि रंग विरघळवतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खराब झालेला भाग बरोबर माझ्या पंजाच्या आकाराचा होता. बाकी स्टॉक ठणठणीत. त्यांनी नाकारलं आणि ते योग्यच होतं.

म्हणून विचारतो, तुम्ही डीट किंवा सनस्क्रीन लावून रायफल हाताळली आहे का? हो असेल तर आधीच सांगा. नंतर उघड झालं तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

शांतश्वास

डीट कधीच नाही. सनस्क्रीन बाहेरच्या रेंजवर चेहऱ्याला लावते, म्हणजे गालाच्या जागी लागलं असणार. हे लिहीन. पण त्या खोबणीत सनस्क्रीन जाणं शक्य नाही.

कलम_आणि_अट

ग्राहक तक्रारींचे मसुदे पाहणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे भाषेबद्दल बोलतो.

वॉरंटीची मूळ प्रत काढा आणि नेमके शब्द वाचा. जवळजवळ प्रत्येक वॉरंटीत "मटेरियल आणि वर्कमनशिपमधील दोष" धरलेले असतात आणि "नेहमीची झीज, गैरवापर, रसायनांचा परिणाम" वगळलेले असतात. तुमची सगळी लढाई या दोन वाक्यांच्या मधली आहे. "खराब झालंय, वाईट दिसतंय" असं लिहिलंत की तुम्ही स्वतःहून ती तक्रार बाह्य स्वरूपाच्या खान्यात टाकता. लिहायचं ते असं: कोटिंग चिकट झाल्यामुळे हाताची आणि गालाची जागा दर वेळी तीच ठेवता येत नाही, चिकट अंश बोल्टच्या मुठीला आणि कपड्यांना लागतो, म्हणजे वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामात अडथळा येतो. हा दिसण्यातला नाही, कामात आड येणारा दोष आहे.

दुसरं. कंपनीची वॉरंटी ही कंपनीने स्वतःहून दिलेली हमी असते. विक्रेत्यावरची कायदेशीर जबाबदारी बऱ्याच देशांत त्याहून वेगळी आणि स्वतंत्र असते. कंपनी नाही म्हणाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. विक्रेत्यालाही त्याच दिवशी, त्याच फोटोंसह लेखी कळवा.

तिसरं. वॉरंटी पहिल्या खरेदीदारापुरती आहे का, नोंदणीची अट होती का, हे तपासा. सेकंडहँड घेतलेल्यांचे क्लेम बहुतेक वेळा इथेच अडतात. आणि फोनवर काही ठरलं तर त्याच संध्याकाळी "आज आपलं असं बोलणं झालं" असा मेल टाका.

दहावे_वर्तुळ

वरच्यात भर: स्पर्धेत उतरणाऱ्यांना "ग्रिपला टेप गुंडाळून भागवा" हा सल्ला चालेलच असं नाही. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) काही रायफल प्रकारांच्या नियमांत फोरएंड, पिस्टल ग्रिप आणि स्टॉकच्या खालच्या भागावर पकड वाढवणारा पदार्थ लावायला मनाई आहे. तुम्ही खेळता त्या प्रकाराला तो नियम लागू असेल तर पत्रात हे जरूर लिहा. तात्पुरता उपायही तुमच्या हातात नाही, हे कंपनीला कळू दे.

शांतश्वास

मसुदा टाकतेय, सुचवा:

"खरेदीची तारीख आणि बिल सोबत जोडले आहे. मी पहिली खरेदीदार आहे. स्टॉकवरील कोटिंग सुमारे दोन महिन्यांपूर्वी चिकट होऊ लागले व आता दाबल्यावर ठसा राहतो (फोटो १ ते ४). फोटो ५ मधील खोबणीत हात, गाल किंवा स्लिंग पोहोचत नाही. तेथेही कोटिंग चिकट आहे. त्यामुळे हा परिणाम घर्षणाने झालेला नाही. फोटो ६ मध्ये कोटिंग खालच्या प्लॅस्टिकपासून सुटलेले दिसते. सफाईसाठी मॅन्युअलमध्ये सांगितलेले कोरडे कापड वापरले. तक्रार सुरू झाल्यावर एकदा पाण्याने ओले केलेले कापड वापरले. गालाच्या जागी सनस्क्रीनचा संपर्क आला असू शकतो. अन्य ठिकाणी नाही. रायफल हार्ड केसमध्ये ठेवली जात होती. चिकटपणामुळे पकड व गालाची जागा सातत्याने राखता येत नाही. हा मटेरियल व वर्कमनशिपमधील दोष आहे. स्टॉक बदलून मिळावा. क्लेम नाकारल्यास त्याचे तांत्रिक कारण लेखी द्यावे."

कलम_आणि_अट

उत्तम. एकच बदल सुचवतो. "स्टॉक बदलून मिळावा" याच्यापुढे "त्याच लेपाचा पुन्हा थर देऊन दुरुस्ती करू नये" हे घाला. आणि शेवटचं वाक्य अजिबात काढू नका. कारण लेखी द्यायचं म्हटलं की ते आतल्या तंत्रज्ञाला विचारावं लागतं, आणि तंत्रज्ञाला तुमचा पाचवा फोटो पाहिल्यावर "झीज" लिहिता येणार नाही.

रसायनशाळा

मीही एक सुचवतो. प्रकरण लॅबपर्यंत गेलंच तर लेपाची पकड क्रॉसकट चाचणीने मोजतात: दोन दिशांनी सहा-सहा काप देऊन पंचवीस चौकोन करायचे, टेप लावून ओढायची, किती चौकोन उडाले ते पाहायचं. आयएसओ 2409 मध्ये 0 म्हणजे उत्तम आणि 5 म्हणजे पार गेलेलं. एएसटीएम डी3359 मध्ये बरोबर उलटं, 5बी उत्तम आणि 0बी वाईट. अहवालात नुसता "5" दिसला तर कोणतं मानक ते विचारा. ही चाचणी घरी करू नका, त्यात लेप कायमचा कापला जातो.

शांतश्वास

दोन्ही बदलांसह पाठवलं. विक्रेत्यालाही. आता वाट पाहते.

शांतश्वास

अपडेट. नऊ दिवसांनी उत्तर आलं. सूर एकदम बदललाय. "तपासणीसाठी संपूर्ण रायफल सर्व्हिस सेंटरला पाठवा" म्हणतात. पाठवू का? परवाना, कुरियर, सगळंच अवघड आहे.

जुना_नेमबाज

तपासायचंय कोटिंग, मग रायफल कशाला? सीरियल नंबर रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या मुख्य भागावर) असतो आणि कायद्याच्या नजरेत शस्त्र म्हणजे मुख्यतः तोच भाग. सुटा स्टॉक अनेक देशांत साधा सुटा भाग मानला जातो, काही ठिकाणी मात्र नाही. तुमच्या परवाना अधिकाऱ्याला एकदा विचारून घ्या आणि कंपनीला लिहा की फक्त स्टॉक पाठवते. बहुतेक तयार होतात, त्यांच्यासाठीही ते सोपं असतं.

अ‍ॅक्शन (रिसीव्हर आणि बोल्टचा संच) स्टॉकमधून काढताना कोणता स्क्रू पुढचा, कोणता मागचा हे खूण करून ठेवा, लांबी वेगळी असू शकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळू नका, चिकट कोटिंग पिशवीलाच धरून बसेल आणि उघडताना नवे पापुद्रे निघतील. बटर पेपर सैल गुंडाळा, मग खोक्यात सगळीकडून आधार द्या. बंद करण्याआधी आतला फोटो घ्या.

शांतश्वास

कंपनी तयार झाली! अधिकाऱ्यांनाही विचारलं, सुटा स्टॉक पाठवायला हरकत नाही म्हणाले. आज पाठवला. बिनस्टॉकची रायफल कपाटात पाहून जीव कसनुसा झाला, खरंच.

पाऊलवाट

तोवर माझं पुढचं सांगतो, कारण क्लेम नाकारलेला कोणी हे वाचत असेल तर त्याला उपयोग होईल. मी शेवटी कोटिंग काढून टाकलं. अ‍ॅक्शन, ट्रिगर, पॅड सगळं उतरवून, खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नाही, हातात नायट्राइल मोजे. आयसोप्रोपिल आधी बॅरल चॅनलच्या (नळी बसते त्या खाचेच्या) आत, न दिसणाऱ्या जागी लावून खालचं प्लॅस्टिक टिकतंय ना ते पाहिलं. अ‍ॅसिटोन वापरू नका, एबीएस आणि पॉलिकार्बोनेट त्याने खराब होतात, आणि आपला स्टॉक नेमका कशाचा ते आपल्याला ठाऊक नसतं. अर्धा तास म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. फडकी बदलत, प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडत मला दोन पूर्ण दिवस लागले. खाली निघालेला स्टॉक गुळगुळीत आहे, ओल्या हाताने निसटतो. चालतं, पण पहिल्यासारखं नाही.

शांतश्वास

मंडळी, क्लेम मंजूर! पाच आठवडे लागले. उत्तरात लिहिलंय, "कोटिंगमध्ये मटेरियलचा दोष आढळला." तेवढं एक वाक्य वाचून मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. नवा स्टॉक आला. यावर मऊ लेप नाहीये, साच्यातच खरखरीत नक्षी घातलेलं उघडं पॉलिमर आहे. लेपच नाही म्हटल्यावर चिकटायला काही नाही.

मी विचारलेले दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं इतरांसाठी: नव्या स्टॉकची वॉरंटी नव्याने सुरू होत नाही, मूळ पाच वर्षांतलीच उरलेली राहते. जुना स्टॉक परत मिळत नाही. दोन्ही लेखी घेतलं.

जुना_नेमबाज

अभिनंदन! आता बसवताना घाई नको. रिसीव्हर आणि रिकॉइल लगची (मागचा धक्का झेलणाऱ्या खुंटीची) जागा पुसून कोरडी करा. दोन्ही स्क्रू हाताने टेकवा, बट जमिनीवर टेकवून रायफल उभी धरा म्हणजे लग मागे नीट बसेल, मग पुढचा, मग मागचा. टॉर्क (स्क्रू आवळायचा जोर) मॅन्युअलमधलाच आणि एकक बघून: 1 न्यूटन मीटर म्हणजे साधारण 8.85 इंच पाउंड. या गोंधळात स्टॉक चिरडलेले मी पाहिलेत. बॅरल फ्री फ्लोट (स्टॉकला न टेकणारी) असेल तर खालून कागदाची पट्टी सरकवा, रिसीव्हरपर्यंत अडखळता कामा नये. आणि जुना झिरो (साइटची जुळवणी) विसरा, स्टॉक बदलला की मारा सरकतो.

शांतश्वास

तसंच केलं. कागद डाव्या बाजूला एका ठिकाणी अडला. स्क्रू सैल करून पुन्हा बसवल्यावर मोकळा झाला. आज रेंजवर गेले. पहिल्या पाच गोळ्या खाली-उजवीकडे, पण एकमेकींना लागून. साइट सहा क्लिक वर, चार डावीकडे, आणि पुढच्या पाच मध्यात. गाल टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला, दर वेळी त्याच जागी बसला.

@दहावे_वर्तुळ, टॉर्च धरून काढलेले सहाही फोटो ठेवलेत. कोणाला क्लेमसाठी नमुना हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर झाकून पाठवते.